काडीपैलवानाची साखर

मधुमेह हा ढेरपोट्या शेठजींचा रोग, अशी आमच्या गोरेगावच्या चाळीत एकमुखी समजूत. त्यामुळे दादाला साखर निघाली तेव्हा दुःखापेक्षा आश्चर्यच अधिक झाले. दादा म्हणजे छत्रीची काडी! जन्मभर लोकलला लोंबकळत चर्चगेट गाठणारा माणूस. त्याच्या अंगी चरबी यावी कुठून?

याचे उत्तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी देऊन ठेवले आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःची छायाचित्रे शेजारीशेजारी छापली. उंचीच्या मानाने वजनाचे माप दोघांचेही २२.३. पण युडकिनसाहेबांच्या देहात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या देहात २१.२! तराजू बिचारा काय सांगणार? ही चरबी पोटात, यकृतात दडून बसली की पेशी इन्शुलिनला जुमानीत नाहीत. रक्तातल्या साखरेला पेशींचे दार उघडून देणे हे इन्शुलिनचे काम. दार उघडले नाही की साखर रक्तातच हिंडत राहते आणि डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, पायांच्या नसा हळूहळू निकामी करते. गंमत अशी (गंमत कसली म्हणा!) की यातले पुष्कळसे दुखत नाही.

गेल्या दिवाळीत गॅलरीत दादा अनवाणी उभा राहून पोरांचे भुईनळे पेटवून देत होता. जळका वास आला तो वहिनींना. "अहो, पाय!" त्या किंचाळल्या. दादाने पाय उचलून पाहिला, परक्याचा पाहावा तसा. खाली नुकत्याच विझलेल्या फुलबाजीची तापलेली तार होती. तो फोड भरायला संक्रांत उजाडली. डॉक्टर डोळे मिटायला सांगत आणि नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून विचारीत, "कळतं का?" दादा अंदाजाने "हो" म्हणे, पुष्कळदा दोरा टेकण्यापूर्वीच. वहिनी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहत राहत.

यंदा लाडवांचा डबा वरच्या फळीवर गेला आहे. चकल्यांवर मात्र दादाचा हक्क; त्या तिखट ना! भाजणीतल्या तांदळाचीही शेवटी साखरच होते, हे मी सांगू गेलो तर "शाळा सुटली, मास्तर!" म्हणतो. रात्री वहिनी बॅटरी घेऊन त्याचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या तपासतात. घरातही चपला घालायच्या, असा त्यांचा हुकूम आहे. लक्ष्मीपूजनाला पाटावर बसताना त्यांचे काय करायचे, यावर दोघांचा वाद अद्याप मिटलेला नाही.