पाणजू नावाचे स्थानक

विरार लोकलवर मराठीत विनोद पुष्कळ आहेत. तिचा इतिहास मात्र फारसा कुणी मनावर घेत नाही. 12 एप्रिल 1867 रोजी ती सुरू झाली. सकाळी पावणेसातला विरारहून निघायची, संध्याकाळी साडेपाचला बॅकबेहून परतीला लागायची. दिवसाकाठी तेवढी एकच फेरी. पण नोकरदाराचा दिवस त्या वेळापत्रकात तेव्हाच आखला गेला होता. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ 1863चे. चारच वर्षे उशिरा लिहिले असते, तर या गाडीवर आपल्याला त्यांची चार पाने तरी मिळाली असती!

तिच्या थांब्यांची जुनी यादी भाषेच्या विद्यार्थ्याने जरूर पाहावी. बसीन, बोरेवला, पहाडी, अंदारू, बांदोरा... साहेबाच्या कानाला ऐकू आलेली ही आपली गावे. पुढे पहाडीचे गोरेगाव झाले, अंदारूची अंधेरी झाली. नावे बदलली, पण स्थानके राहिली. बसीन आणि बोरेवला यांच्या मधले पाणजू मात्र यादीतूनच गेले. आज त्याच्या दोन्ही बाजूंना असलेली नायगाव आणि भाईंदर ही स्थानके त्या यादीत नाहीत.

मार्गाचे दुसरे टोकही गेले. 1873 पासून गाड्या कुलाब्यापर्यंत जात. बॅकबेच्या भरावामुळे चर्चगेट-कुलाबा हा तुकडा 1930च्या अखेरीस बंद झाला. विजेची गाडी विरारला पोहोचली 1936 साली, म्हणजे विजेवरच्या विरार लोकलने कुलाबा पाहिलेच नाही. स्थानकाच्या जागी आता बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. कुलाबा स्थानकाविषयी हळहळ व्यक्त करणारे लेख अधूनमधून वाचायला मिळतात. पाणजूविषयी तसे काही वाचल्याचे मला आठवत नाही. आपली स्मरणरंजनेसुद्धा शहराकडेच तोंड करून बसलेली असतात, असे कधी कधी वाटते.

पाणजू हे वसईच्या खाडीतले बेट. दोन पुलांच्या मधोमध आजही वस्ती आहे, आणि दोन्ही पुलांवरून गाड्या अखंड धावतात. त्यांपैकी एकही तिथे थांबत नाही. बेटावरची माणसे होडीने खाडी ओलांडतात, नाहीतर रुळांच्या कडेने, जीव मुठीत धरून, पुलावरून नायगाव गाठतात. मी दारापाशी उभा असलो तर ती दिसतात. डोक्यावर ओझे असेल तर कठड्याला चिकटून उभी राहतात, आणि आमची गाडी गेल्यावर पुन्हा चालू लागतात.