पंधरा इंच

मुलगा बेस गिटार वाजवतो. त्याला चार 10 इंची स्पीकरचं कॅबिनेट हवं होतं. मी एकच 15 इंची असलेलं घेऊन दिलं. स्पीकर मोठा तेवढा खर्ज भरदार, हा माझा मास्तरी हिशेब. तो गप्प राहिला.

नंतर वाचलं, 1969च्या अँपेग एसव्हीटीच्या कॅबिनेटमध्ये आठ स्पीकर होते, सगळे 10 इंची. मग कागदावर मांडलं: 15चा वर्ग 225, 10चा 100, चौघांचे 400. म्हणजे हवा ढकलणारं क्षेत्रफळ छोट्यांचंच जास्त. शिवाय खर्ज खोक्याच्या आकारावर आणि पडद्याच्या वजनावरही ठरतो.

"तेव्हाच का बोलला नाहीस?"

"अब्बा, तुम्ही विचारलंच कुठे?"

वर्गात मुलांना रोज सांगतो, प्रश्न विचारा. घरी मात्र मी उत्तरंच देत आलो.