गारगोटीची गोळी

गारगोटी हो! अंधारात दोन एकमेकींवर घासल्या की ठिणगी उडते ना, तीच. तिचं औषध होतं आणि ते आमच्याच घरी बाराक्षाराच्या डब्यात ‘सिलिशिया ६ एक्स’ या नावानं कधीचं पडून आहे, हे मला या वयात कळावं! तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटले आहे.

मुळात गार ना पाण्यात विरघळते, ना अल्कोहोलमध्ये. मग अर्क काढायचा कसा? होमिओपॅथीचा जनक सॅम्युएल हानेमाननं यावर काढलेली तोड वाचून मी चाटच पडले. चिनी मातीचा खल, एक ग्रेन पूड, शंभर ग्रेन दुग्धशर्करा. साखरेचे तीन वाटे करायचे. पहिल्या वाट्यात पूड घालून सहा मिनिटं घोटायची, चार मिनिटं खलाचा तळ खरवडायचा, पुन्हा सहा, पुन्हा चार. मग दुसरा वाटा, मग तिसरा. झाला एक तास! त्यातलं एक ग्रेन नव्या साखरेत घालून तोच खटाटोप, आणि परत एकदा. तीन तासांनी गार उरते दहा लाखांत एक भाग. ६ एक्समध्येही तेवढीच, फक्त ती दहा-दहा पटींच्या सहा पायऱ्यांनी येते. ही बारा क्षारांची पद्धत ओल्डेनबर्गच्या डॉ. शुस्लरची, १८७०च्या दशकातली.

आणि उपयोग! रुतलेला काटा, काचेची कपची, रेंगाळणारं गळू, सगळं बाहेर ढकलते असं मानून होमिओपॅथ तिला सर्जनची सुरीच म्हणतात. पण मला वेड लावलं ते मटेरिया मेडिकातल्या, म्हणजे औषधांच्या वर्णनग्रंथातल्या, सिलिशियाच्या माणसानं. सदा कुडकुडणारा, पावलांना घामट दुर्गंध, नखं ठिसूळ. भाषणाची धास्ती, पण एकदा सुरू झाला की झकास बोलतो. बद्धकोष्ठसुद्धा कसं, तर अर्धवट बाहेर येऊन मागे सरणारं! काय चिकाटीनं टिपलं असेल हे कुणी! पौर्णिमेला त्रास वाढतो, अशीही नोंद आहे.

पुराव्याचं विचाराल तर नुसत्या साखरेच्या गोळीहून ही सरस असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. ताप आणून लाली पसरवणारं गळू मीही सर्जनलाच दाखवीन. पण म्हणून वाचायचं थांबवते की काय? आता ‘कॅल्केरिया कार्ब’ उघडलंय. ते कालवाच्या शिंपल्याचं, आणि तेही फक्त मधल्या थराचं!