आगाखान पॅलेस : एका दीर्घ संसाराची अखेर

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, वाहनांच्या गर्दीतून आत वळताच आगाखान पॅलेसची हिरवळ आणि उंच कमानींच्या ओसऱ्या दिसतात. दुष्काळाने गांजलेल्या आसपासच्या लोकांना काम मिळावे म्हणून तिसऱ्या आगाखानांनी १८९२ साली ही वास्तू बांधवून घेतली. ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ या काळात हाच राजवाडा महात्मा गांधींचा तुरुंग झाला, आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी येथेच पतीच्या मांडीवर प्राण सोडला.

स्वातंत्र्यलढ्याचे स्मारक म्हणून लोक येथे येतात. आयुष्याच्या उत्तरार्धात एकमेकांची शुश्रूषा करणाऱ्या पतिपत्नींनी मात्र आणखी एका नात्याने येथे यावे. साठांहून अधिक वर्षांचा एक संसार येथे संपला, आणि त्याचा आरंभ अविश्वासात झाला होता.

लग्नाच्या वेळी दोघेही तेरा-चौदा वर्षांची होती. आपल्या परवानगीवाचून पत्नीने कोठे जाऊ नये, असा गांधीजींचा हट्ट असे. एका मित्राने कान भरले आणि ते पत्नीवर संशय घेऊ लागले. त्याच मित्राच्या नादाने ते स्वतः मात्र वेश्येकडे गेले आणि तेथून तसेच परतले. वडिलांच्या अंतिम घटकेला आपण त्यांच्याजवळ नव्हतो, पत्नीच्या खोलीत होतो, ही टोचणी कोवळ्या वयातच त्यांच्या मनात रुतली. पाठोपाठ नवजात अपत्यही गेले. बालवयातील अशा आघातांचा भार अनेकदा घरातल्या सर्वांत जवळच्या माणसावर पडतो. पुढे दरबानमध्ये एका वादात त्यांनी कस्तुरबांना हात धरून दारापर्यंत ओढत नेले. परक्या देशात मी जाऊ तरी कोठे, हा त्यांचा प्रश्न ऐकून ते ओशाळले.

मग विश्वास परत कसा आला? एका क्षमायाचनेने तो आला नाही. वर सांगितलेले सारे गांधीजींनी आत्मचरित्रात स्वतःच्या नावाने लिहिले आणि त्याचा दोष पत्नीवर ढकलला नाही. कस्तुरबा तर पहिल्यापासूनच दबल्या नाहीत. मनाई असतानाही त्या हवे तेथे जात. त्यांच्या या शांत पण ठाम विरोधातून आपण अहिंसा शिकलो, असे गांधीजी सांगत. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबा स्वेच्छेने सत्याग्रहात उतरल्या आणि तीन महिन्यांची शिक्षा भोगून आल्या. आज्ञा देणारा आणि ती पाळणारी, हे जुने नाते तोवर बरेच मागे पडले होते.

अर्थात सगळेच सांधले गेले नाही. थोरले पुत्र हरिलाल यांचा वडिलांशी दुरावा अखेरपर्यंत राहिला. दोन माणसांचा समेट झाला म्हणून मुलांच्या मनावरचा ओरखडा आपोआप पुसला जात नाही.

येथील बंदिवासात कस्तुरबांचे हृदय आणि श्वास दोन्ही थकले. डॉ. सुशीला नय्यर आणि डॉ. गिल्डर उपचार करीत; गांधीजी त्यांच्या उशाशी बसत. पत्नीच्या मृत्यूनंतर त्यांनी व्हाइसरॉय वेव्हेल यांना कळवले की, ही उणीव वाटली होती त्याहून अधिक जाणवते आहे.

आजारपणात अनेक घरांत जुनी दुखणी वर येतात. औषध देणाऱ्या हातावरही रुग्णाचा विश्वास बसत नाही. त्या वेळी रुग्णाला हट्टी म्हणून मोकळे होऊ नये. त्याला बोलू द्यावे, आपली बाजू लगेच मांडू नये, आणि सांगितलेल्या वेळी सांगितलेले काम करावे. औषधाची वेळ रोज पाळली गेली, तर तीच विश्वासाची सुरुवात ठरते. मात्र फसवणूक वा मारहाण अजून चालू असेल, तर समेटाचा आग्रह धरू नये. आधी सुरक्षितता पाहावी, मग समुपदेशकाची मदत घ्यावी. क्षमा मागणाऱ्याला ती मिळण्याचा हक्क नसतो. ती देणे न देणे दुखावलेल्या माणसाच्या इच्छेवर असते.

पॅलेसच्या आवारात कस्तुरबांची आणि महादेवभाई देसाई यांची समाधी आहे. ऊन कोवळे असताना सकाळी जावे, ज्येष्ठांना सावकाश चालू द्यावे. समाधीपाशी थोडे थांबावे आणि घरी एखादी गोष्ट अनेक वर्षे बोलायची राहून गेली असेल, तर परतीच्या वाटेवर ती हळूच काढावी.