जुन्या मोठ्या गाडीचा चारा

आमच्या थोरल्या बहिणीचे गाव कोपरगाव तालुक्यात आहे. तिची दोन एकर जमीन समृद्धी महामार्गात गेली. मोबदल्याची रक्कम आली. त्यातून मुलीचे लग्न झाले, विहिरीचे काम झाले आणि उरलेले पैसे अक्काने बँकेत मुदतीने ठेवले. या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. शेताजवळून मोठमोठ्या गाड्या धावू लागल्या आणि आपल्याही दारात तशीच एक गाडी उभी राहावी, असे भाच्याच्या मनाने घेतले. नवी घेण्याची ऐपत नव्हती. मग त्याने जुन्या गाड्यांचा शोध सुरू केला.

एके दिवशी त्याचा फोन आला, "मामा, पन्नास लाखांची गाडी पुण्यात बारा लाखांना मिळतेय. नव्या लहान गाडीच्या पैशात!" मागून अक्काने फोन घेतला. ती म्हणाली, "तू संगं जा बाबा. जमिनीचा पैसा हाये. जमीन काही परत यायची नाही."

ठरल्या दिवशी भाचा भल्या पहाटे निघून नगरला आला. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी बोलताना अजून तोंडात नगरच येते. ओळखीचे एक मिस्त्रीही सोबत घेतले होते. आम्ही तिघे पुण्याच्या एस. टी. मध्ये बसलो. या रस्त्याचा मान मोठा आहे. आपल्या राज्यातली पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजी याच नगर-पुणे मार्गावर धावली, आणि विजेवर चालणारी पहिली 'शिवाई'ही १ जून २०२२ रोजी याच मार्गावर सुरू झाली.

केडगाव मागे पडले, कामरगाव गेले, सुपे आले. दोन्ही अंगांना पारनेरचे जिरायती माळ, मध्येच कारखान्यांच्या शेड आणि ढाब्यांपुढे उभ्या असलेल्या पांढऱ्याशुभ्र मोठ्या गाड्या. भाचा खिडकीतून एकेकीची नावे सांगत होता. मी त्याला विचारले, "तुझ्या आजोबांनी घोडेगावच्या बाजारात बैल कसा घेतला असता?" तो हसला. पण बैल पारखण्याची रीत आपल्या घराघरांत ठाऊक आहे. आधी दात पाहायचे, मग चार पावले चालवून चाल पाहायची, खांदा चाचपायचा, बैल कोणाच्या दावणीचा आहे याची चौकशी करायची. शिंगांचा रंग आणि गळ्यातली घुंगरे पाहून व्यवहार करणारा फसतो. सगळे पाहून झाले, की मग रुमालाखाली बोटे धरायची. शिरूरला घोड नदी ओलांडून आपला जिल्हा संपेपर्यंत आमचे हेच बोलणे चालले होते.

पुण्यात पहिली गाडी पाहिली ती जर्मन बनावटीची, काळीभोर, आरशासारखी चकाकणारी. आत कातडी आसने, वर काचेचे छप्पर. वय बारा वर्षे, किंमत बारा लाख. भाच्याचा चेहरा फुलला. मिस्त्रींनी मात्र आधी बॉनेटवर हात ठेवला. इंजिन गरम होते. ते म्हणाले, "गिऱ्हाईक यायच्या आधीच सुरू करून ठेवली. थंड इंजिन कसं सुरू होतं, धूर कसला सोडतं, तेच तर पाहायचं असतं." निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत शिरत असावे, काळा भपकारा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, हे त्यांनी भाच्याला समजावले.

मग टायर पाहिले. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३५१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या ३५ व्या आठवड्यात तयार झालेला असतो. नक्षी शाबूत असली तरी टायर म्हातारा असू शकतो. गाडीचा काटा ७० हजार किलोमीटर दाखवत होता, पण ब्रेकच्या पायटीवरचे रबर पार झिजून गेले होते. मिस्त्रींनी सर्व्हिसिंगच्या नोंदी काढायला लावल्या, तर तीन वर्षांपूर्वीच गाडी १ लाख ४० हजार किलोमीटर चाललेली निघाली! म्हातारा बैल दात घासून जवान म्हणून विकावा, तसला हा प्रकार. शिवाय ती गाडी पोलादी स्प्रिंगांवर नसून हवेच्या फुग्यांवर उभी होती आणि एका कोपऱ्याला किंचित बसली होती. ते काम निघाले तर खर्च लाखांत जातो.

मी भाच्याला म्हटले, "बाबा रे, गाडी जुनी झाली की तिची किंमत पन्नासावरून बारावर येते, पण तिचा चारा बारा लाखांच्या गाडीचा होत नाही. सुटे भाग, मजुरी, टायर हे सारे पन्नास लाखांच्या गाडीचेच राहते." ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवली, तरी निम्मी फसगत टळते.

दुसरी गाडी पुण्यातल्याच एका कुटुंबाची होती. जपानी बनावटीची, सात माणसांची, वय आठ वर्षे. काटा सरळ १ लाख ३० हजार दाखवत होता. अंगावर ओरखडे होते, चकाकी नव्हती. पण प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती जपून ठेवलेली. किंमत मात्र साडेचौदा लाख. भाचा हिरमुसला. त्या दिवशी आम्ही विसार न देता परतलो.

रात्री तो माझ्याकडे राहिला. सकाळी त्याला नगरचे रणगाडा संग्रहालय दाखवले. १९९४ मध्ये लष्कराने ते उघडले. तिथे १९६५ च्या युद्धात आपल्या जवानांनी काबीज केलेले पॅटन रणगाडे आहेत, आणि रोल्स-रॉईसची जुनी चिलखती मोटारही आहे. त्या काळची ही श्रीमंतांची मोटार. पण तिच्या मजबूत सांगाड्यावर चिलखत चढवले आणि पहिल्या महायुद्धात अशा मोटारी अरबस्तानच्या वाळवंटातही धावल्या. भाचा म्हणाला, "बघा मामा, भारी गाडी किती टिकते!" मी म्हटले, "टिकते खरी. पण तिच्या मागे लष्कराची कार्यशाळा होती. तुझ्या मागे कोण आहे?" त्यावर तो बराच वेळ बोलला नाही.

महिनाभराने त्याने दुसरी गाडी घेतली, कर्ज न काढता. कागदपत्रे आम्ही सातबारा पाहावा तशी पाहिली. सातबाऱ्यावर जसा इतर हक्कात बोजा असतो, तसा गाडीच्या नोंदणी पुस्तकावर कर्ज देणाऱ्याचा बोजा असतो. तो उतरल्याशिवाय व्यवहार करू नये. हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. थकलेला दंड आहे का, तेही पाहावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते, म्हणून किती वर्षे उरली ते मोजावे. दिल्लीकडची डिझेल गाडी स्वस्त दिसली तर हुरळून जाऊ नये. तिथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका घेतली, म्हणून तिथल्या गाड्या कमी भावात बाहेर आल्या. पण परराज्यातील गाडीला ना-हरकत दाखला लागतो आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो.

भाच्याचा आणखी एक बेत होता. शिर्डीचे भाविक नेऊन खर्च काढायचा. तोही सोडायला लावला. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीने भाडे मारणे कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसेही अडकू शकतात.

वर्ष झाल्यावर मी बहिणीकडे गेलो. अक्काने दुधाच्या वहीच्या मागल्या पानांवर गाडीचा हिशेब लिहिला होता. गाडी बारा हजार किलोमीटर चालली. लिटरला दहा किलोमीटर प्रमाणे बाराशे लिटर डिझेल, ९० रुपयांनी १ लाख ८ हजार. चार टायर ६० हजार, विमा ३५ हजार, सर्व्हिसिंग २८ हजार. एकूण २ लाख ३१ हजार रुपये. म्हणजे महिन्याला १९ हजार २५०. गाईच्या दुधाला ३० रुपये भाव धरला, तर रोज एकवीस लिटरांवर दूध त्या गाडीने पिऊन टाकले! गोठ्यातली एक चांगली संकरित गाय नुसती गाडीसाठी राबली, आणि गाईचा चारा-पेंड त्यात धरलेलाच नाही.

भाचा मान खाली घालून म्हणाला, "मामा, मी आता कोपरगावला मोटारसायकलवरच जातो."

तेव्हा अक्का म्हणाली, "आरं, पण पावसाळ्यात रातच्याला शेजारची बाळंतीण याच गाडीतून दवाखान्यात नेली. मायलेक सुखरूप आली. ते या वहीत कुठल्या रकान्यात लिहू?"

मला उत्तर सुचले नाही. गाडी घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. पण जमिनीच्या पैशाने गाडी घेणाऱ्याने आधी तिचा वर्षाचा चारा वहीत मांडावा, तो कोणत्या पिकातून किंवा कोणत्या गाईच्या दुधातून निघणार हे समोर लिहावे, आणि घरातल्या बाईमाणसाला ती वही वाचून दाखवावी. तिने मान डोलावली, तरच विसार द्यावा.