चार युनिटांची झोप

तुमच्याही घरी असा एक माणूस असेलच. तुम्ही खोलीतून बाहेर पडलात रे पडलात, की मागून येऊन पंख्याचं बटण बंद करणारा! आमच्याकडे हे खातं बाबांकडे आहे. आयुष्यभर एसटीत कंडक्टर. दिवसाअखेर तिकिटांचा हिशेब रुपया-रुपयाने जुळवणारा माणूस. विजेच्या बाबतीत वेगळा कसा वागेल?

2023 च्या फेब्रुवारीत बाबांची बायपास झाली. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा सांभाळा. आणि आमचं घर सोलापुरात! मी पुण्याहून शनिवारी आले आणि थेट शोरूम गाठलं. 'मॅडम, फाइव्ह स्टार आहे, डोळे झाकून घ्या. वर डिस्काउंट!' सेल्समन म्हणाला. मी खरंच डोळे झाकले. पाच तारे, दीड टन, ईएमआय माझ्या नावावर. विषय संपला.

मे महिन्यात आईचा फोन आला, अगदी कुजबुजत. 'अगं, तुझा फोन ठेवला की हे एसी बंद करतात. रात्रभर घामाने निथळतात, पण ऐकत नाहीत.'

मी चिडून सोलापूरला पोचले. भांडायच्या तयारीनेच. बाबा शांतपणे म्हणाले, 'मला एवढंच सांग, रात्रीला किती युनिट जातात?'

आता आली का पंचाईत! महिन्याला लाखोंची बजेट्स एक्सेलमध्ये बसवणारी मी, मला हे साधं उत्तर येईना. 'बाबा, फाइव्ह स्टार आहे ना...' 'तारे राहू दे. आकडा सांग.'

मग स्टुलावर चढून मी पहिल्यांदा ते लेबल वाचलं. पहिला धक्का म्हणजे लेबलवरची मुदत कधीच संपली होती. हे तारे म्हणजे कॉलेजच्या कटऑफसारखे असतात. केंद्र सरकारची ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी 2006 पासून ही लेबलं चालवते आणि अधूनमधून कटऑफ वर नेते. एसीचा कटऑफ जुलै 2022 मध्ये वाढला आणि जुने पाच तारे नव्या हिशेबात चारवर आले. डिस्काउंटचं गुपित हे होतं तर!

ताऱ्यांच्या खाली मात्र बाबांना हवं होतं ते सापडलं. वर्षाला 816 युनिट. हा आकडा 1600 तासांच्या वापरावर काढतात. बाबांनी कॅलेंडरच्या मागे भागाकार मांडला. तासाला अर्धं युनिट. आठ तासांची रात्र म्हणजे चार युनिट.

'फक्त चार?' 75 वॉटचे दोन पंखे दिवसरात्र फिरवले तरी साडेतीनच्या वर जातात. महिन्याचे झाले 120. घराचा नेहमीचा वापर दीडशेच्या आसपास. बेरीज 270. महावितरणच्या बिलात 101 ते 300 चा एक स्लॅब असतो, त्यापुढच्या युनिटांना दर चढा. 'म्हणजे तीनशेच्या आतच की!' बाबांचा चेहरा, हिशेब जुळलेल्या कंडक्टरचा!

मी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की हा आकडा वेगवेगळ्या तापमानांची सरासरी धरून काढलेला असतो, सोलापूरच्या मे महिन्यात थोडं जास्त जाईल. 'म्हणून तर तीस युनिट हातात ठेवलेत,' बाबा म्हणाले. मग 26 वर एसी, जोडीला मंद पंखा, असा तह झाला.

पुण्याला परतल्यावर मी माझ्या फ्रिजचंही लेबल वाचलं. त्यावर थेट वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, कारण तो बिचारा 365 दिवस चालूच. आणि तारे देताना आकारमान धरलेलं असतं. म्हणजे मोठा फाइव्ह स्टार फ्रिज छोट्या थ्री स्टारपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो! दोन माणसांसाठी अवाढव्य फ्रिज घेऊन मी तारे मोजत बसले होते.

तेव्हा दोस्तहो, शोरूममध्ये जाल तेव्हा तारे जरूर बघा, पण आधी मुदत बघा, मग युनिट वाचा आणि त्याला आपल्या घरातल्या तासांनी गुणा. दिवसाला तासभर लागणाऱ्या एसीसाठी महागडा पाचवा तारा कदाचित परवडणार नाही. रात्रभर चालणार असेल तर हिशेब बदलतो.

बाबा त्या रात्रीपासून झोपताना आणि उठल्यावर मीटर बघतात. पहिल्या सकाळी आईने कॅलेंडरचा फोटो पाठवला. बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'रात्र – 6, फ्रिज-पंख्यासकट. ठीक.'

खाली आईचा मेसेज होता : 'सात वाजेपर्यंत झोपले होते.'