ताण्याला लांबी लागते

माझ्या नेरूळच्या फ्लॅटमधली सगळ्यात लांब सरळ रेषा पावणेसहा मीटरांची आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून निघते, हॉल ओलांडते आणि चपलांच्या कपाटाशी संपते. या घरात एकोणीस वर्षं राहून ती कधी मोजावीशी वाटली नव्हती. विणायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात टेप घेऊन जमिनीवर रांगले.

लोक विचारतात, "एवढ्याशा घरात माग कुठे ठेवता?" मागाचं काही नाही हो. सुताराकडून करून घेतलेला माझा माग जेवणाच्या टेबलावर मावतो आणि पाहुणे आले की पलंगाखाली जातो. अडचण ताण्याची. कापडातले उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे म्हणजे बाणा. बाणा बिचारा गरीब. कांडीवर गुंडाळून घेतो, धोट्यात बसतो, लागेल तेवढाच उलगडतो. ताण्याचं तसं नाही. मागावर चढण्याआधी तो एकदा तरी आपल्या पुऱ्या लांबीनं पसरून घेतो. तेव्हा सगळे धागे एका क्रमात आणि एकसारख्या ताणात हवेत. इथे जे चुकलं ते पुढे कितीही सुबक विणा, निस्तरत नाही.

पहिला ताणा मी आमच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये लावला. एक टोक जिन्याच्या कठड्याला, दुसरं आमच्या सेफ्टी दाराला. रविवारची दुपार होती. जेवण घेऊन आलेल्या मुलानं क्षणभर पाहिलं, पिशवी छातीशी धरली आणि वाकून, धाग्यांखालून, निमूट पलीकडचं दार गाठलं. सोमवारी सोसायटीची चिठ्ठी आली : सामाईक जागेत दोऱ्या बांधू नयेत. चिठ्ठीचं एवढं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते कापड पाहून. एकटीनंच ताण धरायचा, एकटीनंच रूळ फिरवायचा, मध्येच धावत जाऊन गुंता सोडवायचा. धागे एका बाजूला ताठ आणि दुसऱ्या बाजूला सैल गुंडाळले गेले. विणून उतरवलं तेव्हा एक काठ सरळ होता आणि दुसऱ्याला न मागितलेली झालर आली होती.

तेव्हा कळलं ते असं : विणता एकट्यानं येतं, ताणा एकट्यानं लागत नाही. एकानं ताण धरावा, दुसऱ्यानं रूळ फिरवावा, तिसऱ्यानं गुंडाळीच्या थरांत कागद सरकवत धाग्यांवर नजर ठेवावी. हे पूर्वीच्या विणकरांना कुणी सांगावं लागत नव्हतं. तिथे माग एकाचा आणि काम घरादाराचं असे. पोरं कांड्या भरत, बायका रहाट फिरवत, ताण्याला खळ द्यायची तर गल्लीत पसरून. कापडावर नाव मागावर बसलेल्याचं लागायचं, पण कापडात अख्खी गल्ली असायची.

नवी मुंबईला गल्ली नाही. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि तिनं खाडीकाठी शहर आखलं. त्यात सेक्टर आले, रुंद रस्ते आले, बागा आल्या. दहा मीटर सूत तासभर कुणाच्या पायात न येता पसरता येईल अशी सामाईक जागा मात्र आमच्या वाट्याला आली नाही. ती सापडली बेलापूरला, सेक्टर ८ मधल्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात ही वसाहत रचली. सात-सात घरं एका चौकाभोवती, आणि तो चौक साधारण आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. आज तिथली कितीतरी घरं पाडून वेगळी बांधली गेली आहेत, तरी चौक आहेत. आमच्या विणकामाच्या गटातल्या एका ताईंचं घर अशाच एका चौकावर आहे. पहिल्या दिवशी आम्ही टेप धरली आणि हिरमुसलो; आठ मीटरच भरले. मग नववीत शिकणारी त्यांची भाची म्हणाली, "तिरकं का नाही धरत?" आठ मीटरांच्या चौकाचा कर्ण अकरा मीटरांहून जास्त भरतो. पायथागोरस आयुष्यात एकदाच उपयोगी पडला, पण पडला.

आम्ही नऊ-दहा जण. ना नाव, ना पावती पुस्तक. दर शनिवारी साडेतीनला जमतो. कुणी विणतं, कुणी क्रोशा करतं, एक आजी फक्त गोधडी शिवतात आणि मागाकडे संशयानं बघतात. पण महिन्यातून एकदा ताण्याचा दिवस असतो. त्या दिवशी सगळ्यांनी यायचं, गोधडीवाल्या आजींनीसुद्धा.

सामाईक ताण्याचा हिशोब सांगते. वीस इंच पन्ह्याच्या स्टोलला आमच्या जाड सुतात इंचाला बारा धागे बसतात, म्हणजे २४० धागे. दर वेळी ताण्याचा शेवटचा साठेक सेंटिमीटर भाग मागावरच अडकून वाया जातो. तो विणता येत नाही. पाच जणांनी पाच वेगळे ताणे लावले तर तीन मीटर गेले. पाचांनी मिळून एकच दहा मीटरांचा लावला तर नुकसान एकदाच. दहा मीटरांचे २४० धागे, म्हणजे २,४०० मीटर सूत. ते मोजताना एकानं आकडा म्हणायचा आणि बाकीच्यांनी गप्प बसायचं. मराठी माणसांना यातला दुसरा भाग जड जातो.

मग तोच ताणा पाच जण पाळीपाळीनं विणतात. बाणा ज्याचा त्याचा. एकीनं पिवळा घेतला, एकीनं निळीत बुडवलेला, एका काकांनी पांढऱ्यावर पांढरा. ताणा तोच, आणि कापडं अशी निघाली की एकाच घरातली म्हणून कुणी ओळखू नयेत. भांडणंही याच ताण्यावर झाली. रंग ठरवायला चाळीस मिनिटं गेली. एकीचा हात जड, फणी अशी ठोकते की कापड पुठ्ठ्यासारखं. पुढच्याला वाटतं, माग बिघडला. एकजण तीन आठवडे आलाच नाही आणि मागे चौघं खोळंबले. एकत्र शिकणं म्हणजे प्रेमाचा पूर असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा सामाईक ताणा लावून बघावा.

पण याच ताण्यावर एक गोष्ट घडली, ती सांगायलाच हवी.

पांढऱ्यावर पांढरा विणणारे ते काका मूळचे सोलापूरचे, पद्मशाली विणकरांच्या घरातले. घरात तेलुगू, दारात मराठी. स्वतः आयुष्यभर कारखान्यात हिशोब लिहिले, पण लहानपणी वडिलांच्या खड्डामागापाशी बसलेले. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. पावड्या चालवायला तो सोयीचा, आणि जमिनीचा ओलावा सुताला मिळतो तो फायदा वेगळाच. कापसाचं सूत ओलसर हवेत मजबूत होतं, कोरड्यात तटातट तुटतं. म्हणून आमचा इथला पावसाळा विणायला छान आणि खळीला वाईट. चार दिवसांत तिला बुरशी.

त्या दिवशी ताण्यातला एक धागा तुटला. मी साधी गाठ मारली. ती फणीत अडकली आणि शेजारचे दोन घेऊन गेली. काकांनी माझा हात बाजूला केला. एका धाग्याचा वळसा केला, दुसरा त्यातून वर काढला, मागून फिरवला आणि स्वतःच्याच खाली दाबला. "विणकराची गाठ. चपटी बसते, सरकत नाही, टोकं आखूड ठेवता येतात." मला जमेना. चौथ्यांदा सुटली तेव्हा मागून आवाज आला, "अशी नाय गो. आधी वळसा धर, मंग सूत फिरव."

बोलणारे होते दिवाळे कोळीवाड्यातले दादा. ते विणायला येत नाहीत. त्यांच्या सूनबाई क्रोशा शिकायला येतात आणि दादा त्यांना स्कूटरवरून सोडून तासभर चौकात बसतात. त्यांनी खिशातून नायलॉनची दोरी काढली आणि जाळ्याचा एक डोळा विणून दाखवला. वरच्या ओळीतला डोळा म्हणजे वळसा. सुई खालून त्यातून वर येते, मागून वळते, स्वतःच्याच खाली दबते. काकांनी चष्मा लावला. दादांनी गाठ सैल करून दिली, काकांनी आपली सैल केली. दोन्ही शेजारी ठेवल्या. गाठ एकच होती.

सोलापूरच्या मागावरची आणि पनवेलच्या खाडीतल्या जाळ्याची. एक ती तुटलेलं जोडायला शिकला, दुसरा पोकळी बांधायला. दादा म्हणाले, त्यांच्या आजोबांच्या काळात जाळी सुताची असत आणि कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवत. मग नायलॉन आलं, मग यंत्राची जाळी आली. आता हातानं विणायचं राहिलं नाही, फाटलं की सांधायचं तेवढं. काका म्हणाले, आमचंही तेच. दोघं त्यानंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. दोरी मात्र दोघांच्या हातात होती.

या शहराला विणकामाची परंपरा नाही, असं मी पूर्वी बेधडक म्हणत असे. आता म्हणत नाही. ती होती, मागावर नव्हती, होडीत होती. ती दाखवायला सोलापूरचा माणूस आणि दिवाळ्याचा माणूस एका चौकात यावे लागले, आणि त्याआधी माझी गाठ चार वेळा सुटावी लागली.

मागच्या हिवाळ्यात बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये आम्ही पैठणीच्या मागासमोर बसलो होतो. बुट्टी कशी भरतात, ते लहान लहान कांड्यांवरचे रंग, उलटी-सुलटी बाजू सारखी, हे सगळं बघत. मला आवडली ती वेगळीच गोष्ट. एक ताणा संपत आला की नवा पहिल्यापासून भरत नाहीत. जुन्याच्या प्रत्येक टोकाला नव्याचं टोक हातानं जोडतात, आणि मग ओढलं की नवे धागे फणीतून आपापल्या जागी येतात. आम्हीही तेच सुरू केलं. शेवटचा जो भाग वाया जातो म्हणून हळहळत होतो, त्यालाच आता पुढचा ताणा जोडतो.

येत्या शनिवारी २४० टोकं जोडायची आहेत. दोन माणसं कमी पडताहेत. विणता येत नसलं तरी चालेल; ताण धरता आला पाहिजे.